उस्तादाचा उस्ताद

माझा चहा वाईट होतो हे मला ठाऊक होतं, पण तोंडावर कोणी सांगत नव्हतं. आमची ही गेल्यावर जे भेटायला यायचे ते एक घोट घ्यायचे, कप खिडकीत ठेवायचे आणि 'येतो' म्हणून जायचे. सूनबाई सकाळी पावणेआठला घर सोडते, मुलगा तिच्या आधी. मग जयपुरात, जगतपुऱ्याच्या त्या सातव्या मजल्यावर मी आणि हिचं शिवणाचं मशीन, दोघंच. मशीनवर जुन्या रजईची खोळ घातलेली. ती मी कुणाला काढू दिली नव्हती.

साहेब तिसऱ्या मजल्यावर राहायचे. विम्याच्या ऑफिसातनं रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. मी साताऱ्याकडचा. त्यांचं मराठी मला अर्धं कळायचं, माझं त्यांना, आणि उरलेलं हिंदीत भागायचं. ते एके दिवशी वर आले, न सांगता बसले आणि माझा चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. कप खाली ठेवून म्हणाले, "हा चहा तुम्हाला कोणी शिकवला?"

"कोणी नाही."

"दिसून राहिलं."

मला राग आला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा हसूही आलं. रागाचं तोंड करायचं का हसण्याचं, हे ठरेना म्हणून मी उठून खिडकी लावली.

'कोणी शिकवलं?' हा त्या माणसाचा रोगच होता. न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असताना ते विचारायचे. सुई टोचायला आलेल्या नर्सबाईला विचारायचे. बिचारी विचार करत थांबायची आणि सुई तशीच दंडात राहायची. एका लग्नात घेवर खाता खाता ते उठले आणि मागं भटारखान्यात गेले. हलवायानं सांगितलं, चाचांनी शिकवलं, ते आता गावी असतात. "नंबर द्या," म्हणाले. तिथंच फोन लावून चाचांना घेवर चांगला झाल्याचं कळवलं. चाचा रडले. मग हलवाई रडला. वऱ्हाडी ताटं घेऊन उभे.

आणि कोणी "अपने आप सीख गए साहब" म्हणालं, तर साहेबांचा पारा चढायचा. "झूठ! आपल्या आपण माणूस फक्त पादायला शिकतो. बाकी सगळं कोणीतरी शिकवलेलं असते." हे ते बँकेच्या मॅनेजरलाही म्हणाले होते. हिंदीत, आणि स्वच्छ.

खिशात एक डायरी होती. तिच्यात हिशेब नाही, पत्ते नाहीत, नुसती उस्तादांची नावं. न्हाव्याचा उस्ताद, नर्सबाईची सिस्टर, हलवायाचे चाचा. गुरुपौर्णिमेला सकाळपासून फोन करत सुटायचे: "तुमच्या उस्तादाला फोन केला का?" आमच्या फाटकासमोरचा पंक्चरवाला त्या एका दिवसापुरता ठेला पलीकडच्या चौकात नेतो, हे मी डोळ्यानं पाहिलंय. त्याचा उस्ताद त्याचा सासरा होता आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

तर असा हा माणूस मला घरातनं उपटून घेऊन गेला. कुठं, तर एका सेंटरवर. जयपूर आणि आजूबाजूच्या गावांनी मिळून ते काढलं होतं. खोल्या जगतपुऱ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या, मशिनं कारखानदारांची, कर्ज सी-स्कीम भागातल्या एका बँकेचं. पोरापोरींनी वर्षभर उस्तादाच्या हाताखाली काम शिकायचं आणि मग आपापल्या गावात दुकान टाकायचं, असा बेत. पाटीवर एवढी नावं की ती वाचेपर्यंत तास संपायचा. साहेब त्या सगळ्यांना बांधून ठेवायला नेमलेले, बिनपगारी. त्यांच्या हुद्द्याचा शब्द मला अजून म्हणता येत नाही. मी सातवी शिकलोय.

"उद्घाटनाला शिल्डं आली सात," साहेब मला म्हणाले, "आणि दाभण आलं एक. आता उस्ताद पाहिजे. तुम्ही फौजेत काय करत होते?"

"गाड्यांच्या गाद्या. जीप, ट्रक, सगळं. फोम, रेक्झीन, शिवण."

"उद्यापासून या."

"माझी बायको गेलीय, साहेब."

"माहीत आहे. म्हणून उद्यापासून म्हणून राहिलो. नाहीतर आजच नेलं असतं."

पहिल्या दिवशी बारा पोरं समोर उभी. मला फौजेची शिकवणी ठाऊक. एकदा दाखवायचं, आणि ज्याला नाही आलं त्यानं ग्राउंडला चक्कर मारायची. मी दाखवलं. कुणालाच आलं नाही. बाराही पोरं चक्कर मारायला पाठवली. नऊ परत आली.

साहेबांनी मला कोपऱ्यात नेलं. "तुम्हाला काम येते. शिकवता येत नाही. म्हणजे अर्धंच येते."

मी म्हणालो, "तुम्हाला कुठं काय येतं?"

"मला काहीच येत नाही," ते छाती पुढं काढून म्हणाले. "म्हणून तर परीक्षा मी घेतो."

त्यांची परीक्षा अशी. वर्ष संपलं की पोरानं साहेबांना ते काम शिकवायचं. पोरानं हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं. साहेब करणार. देवानं या माणसाला दोन डावे हात दिले होते. नळाचं काम शिकलेल्या पोरानं त्यांच्याकडनं घरचा नळ बसवून घेतला. तो नळ शिंकल्यासारखं पाणी सोडायचा. विजेचं काम शिकलेल्यानं बेल बसवून घेतली. पंखा लावला की बेल वाजायची. वहिनी उन्हाळाभर दार उघडत बसल्या. म्हणायच्या, "यांची पोरं पास होईपर्यंत माझं घर नापास!"

त्या नऊतली एक मुलगी, संतोष. आपल्याकडं हे पुरुषाचं नाव, इथं मुलींना ठेवतात. बस्सीची. रोज तिथनं यायची. तिची आई ब्लाउज शिवायची, म्हणून हात वळलेला होता, आणि जीभही. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "उस्ताद जी, आप चिल्लाते हो तो सुई भी डर जाती है." मी ओरडणं कमी केलं. पुढं सांगून शिकवायला मला तिनंच शिकवलं म्हणा. ती विचारायची, "क्यों?" फौजेत हा शब्द चालत नाही. हिला प्रत्येक टाक्याला क्यों लागायचा, आणि उत्तर देता देता मलाच कळायचं की मी हे असं का करतो.

बस्सीत तिच्या मामाचा एक गाळा होता, रस्त्याला लागून. तिला तिथं स्कूटरच्या आणि ई-रिक्षाच्या गाद्या शिवायचं दुकान टाकायचं होतं. मामा म्हणाला, या महिनाअखेरपर्यंत थांबतो, कर्ज मंजूर झालं तर गाळा तुझा. नाहीतर मोबाईलवाला तयार आहे. आणि घरी बसलीस तर तुझं लग्नाचं बघू. म्हणजे कर्ज नाही तर गाळा नाही, गाळा नाही तर लग्न, असा हिशोब. आणि कर्जाच्या फॉर्मवर सही साहेबांची.

सहीचं मी साहेबांना चार वेळा विचारलं. "आधी मला शिकवू द्या तिला," एवढंच. आणि दुसरं एक खेकटं होतं. फॉर्मच्या खाली साहेबांनी पट्टी आणि पेन घेऊन स्वतःच्या हातानं एक रकाना आखला होता: 'उस्तादाचा उस्ताद.' बँकेनं छापलेल्या फॉर्मवर! संतोषच्या उस्तादाच्या जागी माझं नाव होतं. माझ्या उस्तादाची जागा रिकामी.

"तुम्हाला कोणी शिकवलं?"

"फौजेनं."

"फौजेनं म्हणजे कोणी? बुटानं का टोपीनं?"

"होता एक हवालदार."

"नाव?"

"विसरलो."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. "पन्नास वर्षांमागच्या ट्रकचे नंबर तुम्हाला पाठ आहेत. उस्ताद विसरले?"

मी म्हणालो, चहा टाकतो. ते लगेच उठले.

खरं काय ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. भरती झाल्यावर पहिल्या ट्रेड टेस्टला मी नापास झालो होतो. गादीच्या कडेला गोल पायपिंग असते, तिथं. माझी पायपिंग वळणावर फाटायची. पुन्हा नापास झालो असतो तर लंगरखान्यात रवानगी, कांदे सोलायला. सुट्टीवर घरी आलो तेव्हा लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पत्रात अर्धवट कळवलेलं सगळं हिनं माझ्याकडनं काढून घेतलं आणि म्हणाली, "पट्टी उरेब कापा की. तिरकी. उरेब पट्टी वळणावर ओढत नाही." आणि स्वतःच्या ब्लाउजच्या गळ्यावर मला शिकवलं. पंधरा दिवस दुपारी दार लावून आम्ही बसायचो. शेजारणी हसायच्या, त्यांना वेगळंच वाटायचं. तो ब्लाउज जीपच्या सीटसारखा झाला. तिनं तो तरीही घातला. मी पास झालो.

आता हे पलटणीत कुठं सांगणार? जवान गादी शिवायला बायकोकडं शिकला, ते पण ब्लाउजवर! म्हणून तो हवालदार मी पैदा केला. आणि एकदा पैदा केलेला हवालदार पुढं मलाच खरा वाटायला लागला.

साहेबांची परीक्षा आली. संतोषनं त्यांना त्यांच्याच जुन्या गिअरच्या स्कूटरची गादी शिवायला लावली. फोम कापला, रेक्झीन मापलं. पायपिंग आली तशी ती म्हणाली, "सर, पट्टी उरेब काटनी है. तिरछी."

साहेबांनी रेक्झीन उलटसुलट करून पाहिलं. रंगात आले की समोर कोणीही असो, ते मराठीतच बोलायचे आणि लोकांना अंदाजानं कळायचं. "तिरकं कापलं की किती कपडा वाया जाऊन राहिला बाप्पा! सेंटरचा माल आहे. मी उभी कापतो."

"सर, उरेब."

"मी चाळीस वर्षं ऑफिसात एक टाचणी वाया घालवली नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. हात लावायचा नाही, हा साहेबांचाच नियम. त्यांनी उभी पट्टी कापली. अगदी माझ्यासारखीच. मीसुद्धा तेव्हा स्टोअरचं रेक्झीन वाचवायला उभी कापली होती.

गादी झाली. दिसायला बरी होती, नव्या चपलेसारखी. साहेब म्हणाले, "उद्या बँकेच्या मॅडम बस्सीला गाळा बघायला येऊन राहिल्या. मी हिच्यावर बसूनच येतो."

दुसऱ्या दिवशी साहेब स्कूटरवर, आणि मी मॅडमच्या गाडीत मागं संतोषबरोबर. मॅडम तरुण होत्या, हातात फाईल, घड्याळाकडं सारखं लक्ष. आग्रा रोडला लागल्यावर संतोष पुढं वाकून मॅडमना म्हणाली, "मैडम, सर की सीट रास्ते में फटेगी."

मॅडम दचकल्या. "मतलब?"

"हाईवे पे नहीं फटेगी. हाईवे सीधा है. बस्सी में मुड़ते ही दो ब्रेकर हैं. पहले पे टाँका ढीला होगा, दूसरे पे आगे से फटेगी. बाईं तरफ़ से. सर बाईं तरफ़ वज़न डाल के बैठते हैं."

"तो उन्हें रोको ना!"

"रोका था. कल."

मॅडमनी फाईल मिटली. मग आम्ही तिघंही नुसतं त्या गादीकडं बघत बसलो. क्रिकेटच्या शेवटच्या षटकाला बघतात तसं. बस्सी आली. स्कूटर वळली. पहिला ब्रेकर, काही नाही. ड्रायव्हरनंही गाडी हळू केली. दुसरा ब्रेकर. साहेब वर उडाले, खाली आले, आणि डाव्या मांडीखालनं पिवळा फोम बाहेर आला, भजं फुटल्यासारखा.

साहेब उतरले. ट्रक हॉर्न देतायत, एक उंटगाडी थांबलेली, आणि हा माणूस रस्त्यात वाकून फाटल्या जागेचं माप बोटानं घेतोय. संतोष पळत गेली. त्यांनी विचारलं, "कहाँ से फटी?"

"आगे से. बाईं तरफ़."

"कब बताया था?"

"कल आपको. आज मैडम को भी."

साहेबांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. साहेब रस्त्याच्या मधोमध ओरडले, "पास!"

मॅडम म्हणाल्या, "सर, सीट तो फट गई."

"अरे, मी नापास झालो. ही पास झाली. कुठं मोडणार हे मोडायच्या आधी जिला कळते, तिला काम येते."

गाळ्यावर पोचलो. मामानं खुर्च्या मांडल्या होत्या, कचोऱ्या आणल्या होत्या. मोबाईलवालाही येऊन बसला होता, गिधाडासारखा. मॅडमनी फॉर्म काढला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. वरनं खाली वाचत आले, आणि थांबले.

"हा रकाना रिकामा आहे."

"सर, यह कॉलम हमारा है ही नहीं," मॅडम म्हणाल्या. "आपने हाथ से बनाया है."

"म्हणून तर मला भरलेला पाहिजे."

"सर, आज शाम तक फ़ाइल नहीं गई तो अगले महीने जाएगी."

अगले महीने म्हणजे गाळा मोबाईलवाल्याचा. मामानं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं कचोरी उचलली. मला साहेबांचा असा राग आला की वाटलं ते पेन हिसकावून मीच कुठलंतरी नाव खरडावं. एक हवालदार तर माझ्याकडं तयारच होता. त्याला नाव द्यायला किती वेळ?

तेवढ्यात मॅडमनी संतोषला सहज विचारलं, "वैसे तुम्हें पता कैसे चला, कहाँ फटेगी?"

"पट्टी सीधी काटी थी ना, मैडम. उरेब पट्टी मोड़ पे खिंचती नहीं."

साहेबांनी मान वर केली. "हे कोणी शिकवलं?"

"उस्ताद जी ने."

"त्यांना कोणी?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पता नहीं सर. पर फ़ौज में नहीं सीखा. उस्ताद जी कोना ऐसे मोड़ते हैं जैसे ब्लाउज़ का गला. मेरी माँ भी ऐसे ही मोड़ती है."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मोबाईलवालासुद्धा, तोंडात कचोरी तशीच. मी उभा राहिलो. म्हणालो, "बायकोनं."

"नाव?" साहेब.

आता हे नाव. आमच्याकडं माणूस बायकोला नावानं हाक मारत नाही. मी तिला 'अगं' म्हणायचो, मुलगा झाल्यावर 'ह्याची आई'. ती गेली त्या दिवशी हॉस्पिटलात नाव विचारलं तेव्हाही मुलानंच सांगितलं. माझ्या तोंडून ते शेवटचं कधी निघालं, तर लग्नात, उखाण्यात. मी तोंड उघडलं, नाव येईना. दोनदा उघडलं. संतोषनं पाणी दिलं. आणि मग माझं मलाच कळलं नाही, मी अख्खा उखाणाच घेतला. बस्सीत, भर दुपारी, परक्या लोकांत:

"दाभणात ओवली सुतळी, रेक्झीनला घातली शिवण,
शालनच्या शिकवणीवर खाल्लं मी फौजेचं जेवण."

मोबाईलवाल्यानं कचोरी गिळली. मग मामा म्हणाला, "वाह! शायरी!" आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "एक बार और, अंकल." मी खाली बसलो. संतोषला उखाण्याचं मराठी कळणारं नव्हतं, पण ती माझ्याकडं बघत नव्हती, बाहेर स्कूटरकडं बघत होती.

साहेबांनी टाळी वाजवली नाही. ते लिहीत होते. सुरेख अक्षर होतं त्या माणसाचं. शा, ल, न. लिहून झाल्यावर पेन उचलून म्हणाले, "आणि शालनताईंना कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "ते विचारायचं राहिलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं पुढचं काही न विचारता सही केली.

संतोषचं दुकान चालू आहे. मी आठवड्यातनं दोनदा जातो, ती मला ओरडते. मशीनवरची खोळ मी काढली. मशीन तिच्याकडं दिलं, पायपिंगला लागतं. साहेब गेल्या वर्षी वर्ध्याला लेकीकडं राहायला गेले. जाताना पंक्चरवाल्यानं त्यांना हार घातला. सासऱ्याशी बोलणं सुरू झालं म्हणून, का हे कायमचे चालले म्हणून, ते सांगता येत नाही.

तिथनं त्यांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "विचारलं का?" शेवटी वैतागून मी मेव्हणीला फोन लावला, हिच्या थोरल्या बहिणीला. तिला कमी ऐकू येतं. शेजारीण जागी होईल एवढ्यानं ओरडून मी विचारलं, शालनला शिवण कोणी शिकवली?

"आमच्याकडं कुठली मशीन अन् कुठली शिवण?" ती म्हणाली. "तिला टीपसुद्धा येत नव्हती. ती इकडं माहेरी असताना तुमचं पत्र आलं होतं की, नापास झालो, गादीची कड फाटली म्हणून. ते घेऊन गेली अन् गावच्या शिंप्याच्या दारात बसली. शिंपी म्हणला, बायकांना शिकवत नाही. मग त्याच्या बायकोनं मागच्या दारानं शिकवली. तुम्ही सुट्टीला यायच्या आत शिकायची म्हणून रोज जायची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मला वाटायचं, तिला येतच होतं.

संध्याकाळी मी साहेबांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते नुसतं "बाप्पा" म्हणाले. मला वाटलं, आता ठेवतील.

"मग," ते म्हणाले, "त्या शिंपिणीला कोणी शिकवलं?"

"साहेब, गप बसा आता," म्हणालो, आणि मीच फोन ठेवला.

सकाळी चहा टाकला आणि मेव्हणीला परत फोन लावला.